कांबळ्याखालचे दिवस : लोझी मुलींचा 'सिकेंगे'

घराच्या मागच्या अंगाला चटईवर एक मुलगी बसली आहे. वय बारा-तेरा, फार तर चौदा. डोक्यावरून कांबळं ओढलेलं, नजर जमिनीवर. तिच्याभोवती बायका गाणी म्हणतायत, टाळ्यांचा ठेका धरतायत, मधेच कुणीतरी तिला चिडवतं, टोमणा मारतं. तिने उत्तर द्यायचं नाही आणि हसायचंही नाही. चार दिवसांपूर्वी हीच मुलगी घरभर बडबड करत होती, कडेवर धाकट्या भावाला घेऊन फिरत होती. आज तिला पुरुषांच्या नजरेला पडायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही, आणि ऐकायचं मात्र भरपूर आहे.

झांबियाच्या पश्चिमेला राहणाऱ्या लोझी लोकांत मुलीला पहिली पाळी आली की हा विधी सुरू होतो. त्याला म्हणतात सिकेंगे. त्यात बसलेल्या मुलीला म्वाल्यांजो म्हणतात. 'म्वाली' हा शब्द थोड्याफार फरकाने टांझानियापासून अंगोलापर्यंतच्या कितीतरी भाषांत सापडतो आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ हाच : वयात आलेली, विधीला बसलेली मुलगी.

एक गैरसमज आधीच बाजूला करते, कारण तो मनात राहिला तर पुढचं सगळंच वाकडं दिसेल. आफ्रिका आणि मुलींचा विधी हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याला वर्तमानपत्रांत वाचलेली, मुलींच्या अवयवांवर शस्त्र चालवण्याची भयंकर प्रथा आठवते. ती प्रथा आफ्रिकेच्या काही भागांत आहे. लोझींच्या सिकेंगेत ती नाही. आफ्रिकेत पन्नासहून जास्त देश आहेत आणि एकट्या झांबियातच सत्तरच्या वर समाज आहेत. बेम्बा लोकांच्या विधीला चिसुंगु म्हणतात, टोंगांच्या विधीला न्कोलोला, चेवांच्या विधीला चिनाम्वाली. प्रत्येकाची रीत वेगळी, गाणी वेगळी. त्यामुळे 'आफ्रिकन प्रथा' असं एकच गाठोडं बांधून बोलण्यात अर्थ नाही.

पाण्यावरचं राज्य

सिकेंगे समजायचा तर आधी लोझी कोण हे थोडं पाहावं लागेल. झांबेझी नदी पश्चिम झांबियातून वाहताना एका अफाट सपाट मैदानात पसरते. हे मैदान सुमारे २०० किलोमीटर लांब आहे आणि काही ठिकाणी ५० किलोमीटरपर्यंत रुंद. पावसाळ्याच्या शेवटी, मार्च-एप्रिलच्या सुमाराला, ते पाण्याखाली जातं. गावं उंचवट्यांवर वसलेली असतात. पाणी चढलं की माणसं गुरं-सामान घेऊन कडेच्या उंच जमिनीवर जातात आणि ओसरलं की परत येतात. मागे राहिलेल्या गाळात पीक आणि गवत चांगलं येतं. म्हणजे पूर हे संकट नाही, वर्षाचं वेळापत्रक आहे.

राजाला लितुंगा म्हणतात. त्याची मैदानातली राजधानी लेआलुई आणि उंचावरची लिमुलुंगा. पुराच्या वेळी तो नालिक्वांडा नावाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या प्रचंड नावेतून एकीकडून दुसरीकडे जातो. नावेवर हत्तीची मोठी प्रतिकृती असते, आणि ढोल वाजत असतात. या सोहळ्याला कुओम्बोका म्हणतात, अर्थ 'पाण्याबाहेर येणं'. जगभरचे पर्यटक तो पाहायला येतात आणि लोझी संस्कृती म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ही नाव येते. माझं म्हणणं एवढंच की त्याच मैदानात कांबळ्याखाली बसलेली मुलगीही त्या संस्कृतीचा तितकाच मोठा भाग आहे. फक्त तिच्याकडे कॅमेरा वळत नाही. खरं तर वळूही नये, पण त्याबद्दल पुढे.

लोझींचा इतिहासही वळणावळणाचा आहे. १८४०च्या आसपास दक्षिणेकडून आलेल्या माकोलोलो टोळ्यांनी हे राज्य जिंकलं. १८६४ मध्ये लोझींनी ते परत मिळवलं, पण जिंकणाऱ्यांची भाषा मागे राहिली. म्हणून आजची सिलोझी दूरच्या लेसोथोतल्या सेसोथो भाषेची बहीण वाटते. लोझींची जुनी भाषा सिलुयाना दरबारी स्तुतीत, म्हणींत, विधींत उरली आहे. पुढे लेवानिका राजाच्या काळात इंग्रजांशी करार झाले, फ्रेंच मिशनरी आले, आणि १९६४ मध्ये हे राज्य स्वतंत्र झांबियाचा भाग झालं. आज सिलोझी बोलणारे लोक सीमेपलीकडे नामिबियाच्या झांबेझी प्रांतातही आहेत आणि सिकेंगे हा शब्द तिथेही ऐकू येतो.

या समाजात बाईची जागा कुठे, हा प्रश्न इथे महत्त्वाचा आहे. मैदानाच्या दक्षिण भागाची राजधानी नालोलो. तिथे राजघराण्यातली स्त्री गादीवर बसते. तिला 'लितुंगा ला म्बोएला', म्हणजे दक्षिणेची लितुंगा, म्हणतात. तिचा स्वतःचा दरबार असतो. राजवंशाची कथासुद्धा म्बुयाम्वाम्ब्वा या आदिमातेपासून सुरू होते. नातेसंबंधांचंही तसंच. आजूबाजूच्या बऱ्याच समाजांत वंश एकतर आईकडून मोजतात नाहीतर बापाकडून. लोझी दोन्हीकडून मोजतात. मूल आईच्या गावात राहू शकतं, बापाच्याही. १९४०च्या दशकात तिथे काम केलेल्या मॅक्स ग्लकमन या मानवशास्त्रज्ञाने लोझी आणि झुलू लग्नांची तुलना करून दाखवलं होतं की लोझींत वधूमूल्य कमी आणि घटस्फोट सोपा. बाई लग्न करून जाते तेव्हा माहेरापासून तुटत नाही.

हे लक्षात ठेवा. सिकेंगेत मुलीला नवऱ्याघरी कसं वागायचं हे शिकवतात तेव्हा आपल्याला वाटतं की ही तर 'दिल्या घरी सुखी राहा'ची तयारी. काही प्रमाणात ती आहेच. पण जिला परत यायला माहेर आहे, हक्काची जमीन आहे, तिला दिलेला सल्ला आणि जिला परतीची वाट नाही तिला दिलेला सल्ला यांत फार फरक असतो.

प्रत्यक्षात काय होतं

गावोगावी, घरोघरी तपशील बदलतात. पण विधीचा सांगाडा ओळखू येतो.

मुलीला डाग दिसला की ती आईला सांगत नाही. हे मला सगळ्यात आधी विचित्र वाटलं होतं. ती आजीला सांगते, किंवा नात्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला. सिलोझीत आजी-आजोबांना कुकू म्हणतात आणि आदराने बोलायचं तर शब्दाआधी 'बो' लागतो : बो कुकू. एकाच माणसाला मानाने अनेकवचन लावायची ही रीत आपल्याला नवी नाही, आपणही 'आजोबा आले' म्हणतो. आई आणि मुलगी यांच्यात शरीराबद्दल, नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल बोलायला संकोचाची भिंत असते. आजी-नातीत ती नसते. आजी थट्टा करू शकते, उघड बोलू शकते, आणि नातही तिला नको ते प्रश्न विचारू शकते. कुणाशी काय बोलावं याची वाटणी या समाजाने आधीच करून ठेवली आहे.

मग मुलगी बाजूला बसते. वेगळी झोपडी किंवा घरातला आडोसा. बाहेर पडायचं तर कांबळं पांघरून, सोबत कुणीतरी बाई घेऊन. पुरुषांनी तिला पाहायचं नाही. काही घरांत खाण्यावर बंधनं असतात. पूर्वी हा काळ काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत चाले.

या दिवसांत शिकवणं चालतं. पहिला धडा अगदी व्यवहारी : पाळीचे दिवस कसे मोजायचे, कापड कसं वापरायचं, कसं धुवायचं, कुठे वाळवायचं, अंग स्वच्छ कसं ठेवायचं. मग घरकाम, धान्य कांडणं, पाहुण्यांचं आदरातिथ्य. मग वागणूक. मोठ्यांपुढे गुडघे टेकून, हलक्या टाळ्या वाजवून अभिवादन करणं हे लोझींच्या रोजच्या जगण्याचं व्याकरण आहे. कुणापुढे किती झुकायचं, दुःखाच्या घरी कसं बसायचं, सासरच्या माणसांशी कसं बोलायचं, हे सगळं तिथे पक्कं होतं. आणि शेवटी नवरा-बायकोच्या संबंधांविषयी. आजचा सगळा वाद याच शेवटच्या धड्यावर आहे.

हे धडे व्याख्यानासारखे नसतात. गाणी असतात, कोडी, म्हणी, नक्कल, नाच असतात. एकच ओळ शंभरदा म्हटली जाते, मग ती अंगात जाते. चिडवणंही शिकवण्याचाच भाग आहे. जी मुलगी पूर्वी उद्धट वागली असेल तिला बायका या दिवसांत त्याची आठवण करून देतात, कधी चांगलंच फैलावर घेतात. हे नेहमी हसतखेळत होत नाही. काही मुलींना चिमटे, मार, अपमान सोसावा लागतो. विधीचं कौतुक करताना हा भाग गाळून टाकणं मला प्रामाणिक वाटत नाही.

शेवटी बाहेर येण्याचा दिवस. पहाटे आंघोळ, अंगाला तेल, नवे कपडे, गळ्यात-कमरेला मणी. चितेंगे नावाचं रंगीत छापील कापड गुंडाळलेलं. सणासमारंभाला लोझी बायका मुसिसी नावाचा घेरदार, थरांचा पोशाख घालतात. मिशनरी बायकांच्या झग्यांवरून आलेला हा पोशाख आता इतका लोझींचा झाला आहे की त्याच्यावाचून सण सण वाटत नाही. मुलगी चटईवर खाली मान घालून बसते, नातेवाईक पुढे येतात, पैसे ठेवतात, भेटी देतात. मग ती शिकलेला नाच सगळ्यांसमोर करते. काल कांबळ्याखाली होती, आज सगळं गाव तिच्याकडे पाहतंय. लहानपणाचं वागणं आता तिला माफ नाही, आणि लहानपणी न मिळणारा मान आता तिला आहे.

फ्रेंच अभ्यासक आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये अशा विधींचा एक साधा साचा सांगितला होता : आधी वेगळं करणं, मग उंबरठ्यावर थांबणं, मग नव्या जागी परत घेणं. उंबरठ्यावरचा माणूस ना आत ना बाहेर. लोझींच्या उत्तरेकडे राहणाऱ्या न्देम्बू लोकांत व्हिक्टर टर्नर यांनी याच मधल्या अवस्थेचा अभ्यास केला. तिथे विधीच्या पहिल्या दिवशी मुलगी दुधासारखा चीक असलेल्या झाडाखाली कांबळ्यात गुंडाळून दिवसभर निश्चल पडून राहते. हा साचा कळला की कांबळ्याचा अर्थही कळतो. ते लपवण्यासाठी आहे खरं, पण शरमेने लपवण्यासाठी नाही. कोषातल्या अळीला कुणी 'लाजते' म्हणत नाही.

'शहाणी झाली' म्हणजे काय

इथे मला आपल्याकडची आठवण येतेच. माझी आजी तिच्या न्हाणाची गोष्ट सांगायची. लग्न आधीच झालेलं होतं. चार दिवस बाजूला बसवलं, मग न्हाऊ घातलं, मखरात बसवलं, हिरवी साडी, ओटी, शेजारणींची गाणी, गोडाधोडाचं जेवण. "सगळ्या माझ्याभोवती हसत होत्या," ती म्हणायची, "पण मला झालंय काय, हे एकीनेही सांगितलं नाही. मला वाटलं, कुठेतरी लागलंय आणि आता मी मरणार."

आपण म्हणायचो 'मुलगी शहाणी झाली'. शब्द किती सुंदर! पण शहाणी करायचं काम कुणी करत नव्हतं. सोहळा होता, शिकवणी नव्हती. सिकेंगेत नेमकी उलट गोष्ट आहे. सोहळा शेवटच्या दिवसापुरता, आणि त्याआधीचे सगळे दिवस शिकवण्याचे. म्हणून मला वाटतं की या विधीचा गाभा कांबळं नाही, नाच नाही, मणी नाहीत. एक जाणती बाई एका घाबरलेल्या मुलीला वेळ काढून सांगते की तुझ्या शरीरात काय होतंय, हा त्याचा गाभा आहे. जपायचं तर हे जपावं.

अडचण कुठे आहे

अडचण वयाची आहे. परंपरेच्या हिशोबात विधी झाला की मुलगी बाई झाली, आणि बाई झाली की लग्नाला तयार. ज्या काळात पाळी पंधरा-सोळाव्या वर्षी यायची आणि शाळा नावाची गोष्ट नव्हती, तेव्हाचा हा हिशोब. आज बारा वर्षांची मुलगी विधीतून बाहेर येते आणि तिला सहावी-सातवीच्या वर्गात परत जायचं असतं. तिला जे शेवटचं शिकवलं ते तिच्या वयाला झेपणारं नसतं. गावात बातमी पसरते की अमक्याची मुलगी 'तयार' झाली. घरात गरिबी असेल तर मागणी घालणारा माणूस दारात उभा राहतो.

झांबियात २०१८च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीनुसार २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालं होतं. या सगळ्याचं खापर विधीवर फोडणं चुकीचं. गरिबी, लांबची शाळा, लवकर राहिलेला गर्भ ही कारणं जास्त मोठी आहेत, आणि ज्या घरांत विधी होत नाही तिथेही मुली लवकर लग्न करतात. पण विधी त्या घसरणीवर एक अधिकृत शिक्का मारतो, हे नाकारता येत नाही.

कायद्याची वाट इथे पाहण्यासारखी आहे. झांबियात बराच काळ दोन कायदे शेजारी शेजारी नांदत होते. नोंदणी विवाहाला वयाची अट होती, पण पारंपरिक रिवाजाने झालेल्या लग्नाला ती लागू नव्हती, आणि रिवाजाच्या दृष्टीने वयात येणं हीच पात्रता होती. २००५ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्या दीक्षाविधीमुळे मुलाला किंवा मुलीला इजा होईल, रोग होईल किंवा जीव जाईल असा विधी करणं गुन्हा ठरलं. शब्दरचना नीट पाहा : विधीवर बंदी नाही, इजा करणाऱ्या विधीवर आहे. शेवटी २०२३ मध्ये विवाह कायद्यात दुरुस्ती होऊन सगळ्या लग्नांना, रिवाजाच्या लग्नांनाही, अठरा वर्षांची अट लागू झाली. म्हणजे 'बाई झाली' आणि 'लग्नाला तयार झाली' या दोन वाक्यांमधली गाठ कायद्याने सोडवली.

ही गाठ आपणही सोडवली होती, आणि ती सोडवताना महाराष्ट्र पेटला होता. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला, वय १० वरून १२ करायचं होतं. लोकमान्य टिळकांसह विरोधकांचं म्हणणं असं की ऋतुप्राप्तीनंतर गर्भाधानाचा संस्कार व्हायलाच हवा, परक्या सरकारने धर्मात हात घालू नये. रानडे, भांडारकर, आगरकर दुसऱ्या बाजूला उभे राहिले. त्या वादातल्या दोन्ही बाजूंचे सूर आज झांबियातल्या चर्चेत जसेच्या तसे ऐकू येतात. 'ही आमची संस्कृती आहे, बाहेरच्यांनी शिकवू नये' हे एका बाजूला, आणि 'मुलीचं काय?' हे दुसऱ्या बाजूला. फरक एक आहे आणि तो मोठा आहे. आपल्या त्या वादात बोलणारे जवळपास सगळे पुरुष होते. झांबियात बायकाही बोलतायत.

मिशन, शहर आणि 'किचन पार्टी'

फ्रेंच प्रोटेस्टंट मिशनरी फ्रान्स्वा कोइयार १८८०च्या दशकात बारोत्सेलँडमध्ये, म्हणजे लोझींच्या मुलखात, आले. मिशनऱ्यांना अशा विधींत पाप दिसे : रात्रीची गाणी, उघड बोलणं, कमरेचे नाच. आफ्रिकेत मिशन जिथे जिथे पोचलं तिथे चर्चला जाणारी घरं विधी लपून करू लागली, लहान करू लागली किंवा सोडून देऊ लागली. मग हळूहळू उलटा प्रवास सुरू झाला. उत्तर झांबियात फादर कॉर्बेई या कॅथलिक पाद्र्याने बेम्बा बायकांच्या विधीतल्या मातीच्या वस्तू, ज्यांना म्बुसा म्हणतात, त्या गोळा केल्या. आज त्या म्बाला गावातल्या मोटो मोटो संग्रहालयात आहेत. प्रत्येक वस्तूमागे एक गाणं आणि एक धडा असतो. ज्या धर्मसंस्थेला या वस्तू एकेकाळी नको होत्या, तिच्याच माणसाने त्या जपल्या.

शहरात वेगळंच घडलं. राजधानी लुसाकात किंवा तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात राहणाऱ्या घराला मुलीला महिनाभर बाजूला बसवणं शक्य नाही. तेव्हा शिकवणी वयात येण्यापासून सरकून लग्नाच्या उंबरठ्यावर आली. लग्न ठरलं की वधूला जाणत्या बायका शिकवतात आणि शेवटी 'किचन पार्टी' होते. नाव इंग्रजी आहे, भांडीकुंडी भेट येतात, पण ढोल आणि नाच जुनेच. वधू कांबळ्याखालून किंवा चितेंगेखालून आत येते, चटईवर खाली मान घालून बसते. शंभर वर्षांपूर्वीच्या लोझी, बेम्बा किंवा चेवा आजीला त्या हॉलमध्ये आणून बसवलं तरी काय चाललंय ते तिला कळेल.

मला हा बदल फार शहाणपणाचा वाटतो. कुणी समिती नेमून तो केला नाही. ज्या धड्याला वयाची गरज होती तो धडा बायकांनी आपणहून सात-आठ वर्षं पुढे सरकवला.

पण त्याने एक भोकही पडलं. बारा-तेराव्या वर्षी, जेव्हा पहिल्यांदा डाग दिसतो, तेव्हा शहरातल्या मुलीला कोण सांगणार? झांबियाच्या शाळांत २०१४ मध्ये पाचवीपासून बारावीपर्यंत लैंगिकता शिक्षणाचा अभ्यासक्रम सुरू झाला. पुस्तकात शरीर आहे, आजार आहेत, हक्क आहेत. पण चाळीस-पन्नास मुलामुलींच्या वर्गात शिक्षकाला ते वाचून दाखवायचं असतं. आजीपाशी वेळ होता आणि थट्टा होती. शाळेकडे विज्ञान आहे. दोघींनी एकमेकींशी बोलायला हवं, एवढं तरी दूर बसून कळतं.

वारसा म्हणून नोंद कशी करायची?

युनेस्कोने २००३ मध्ये अमूर्त वारशाचा करार केला. अमूर्त म्हणजे दगडविटांत नसलेला : गाणी, विधी, कौशल्यं. झांबिया २००६ मध्ये त्यात सामील झाला. पण त्याआधीच, २००५ मध्ये, झांबियाच्या दोन गोष्टींना युनेस्कोची मान्यता मिळाली होती. एक चेवांचं मुखवट्यांचं नृत्य गुले वामकुलु, आणि दुसरी माकिशी. माकिशी हे मुलांच्या म्हणजे मुलग्यांच्या विधीतले मुखवटाधारी. लुवाले, चोक्वे, लुचाझी, म्बुंडा लोक, लोझींचे शेजारी, त्यांच्यातला हा मुकांडा विधी. मुलगे रानात तळ ठोकून राहतात, सुंता होते, परत येताना मुखवटे नाचतात, गाव जमतं. फोटो काढण्यासारखं सगळं.

मुलींच्या विधीत असं काही नाही. एक बंद खोली, एक कांबळं, काही म्हाताऱ्या बायका. म्हणून यादीत ते दिसत नाही. वारसा मोजण्याची आपली सवयच अशी आहे की जे डोळ्यांना दिसतं तेच आधी मोजलं जातं. पश्चिम झांबियातल्या काओमा जिल्ह्यात लोझी आणि न्कोया लोकांच्या संगीत-नृत्याची नोंद युनेस्कोच्या मदतीने झाली, स्थानिक माणसांना हाताशी धरून झाली, ही चांगलीच गोष्ट. पण गाणं ध्वनिमुद्रित करणं वेगळं आणि ज्या प्रसंगी, ज्या मुलीसाठी ते म्हटलं जातं तो प्रसंग नोंदणं वेगळं.

आणि इथेच खरा पेच आहे. गुप्तता हा या विधीचा दोष नाही, तो त्याचा भाग आहे. बायका आपसात जे बोलतात ते चव्हाट्यावर यायचं नाही, म्हणूनच तिथे मोकळं बोलता येतं. ते सगळं चित्रित करून संकेतस्थळावर टाकलं तर वारसा वाचला की मेला? शिवाय समोर बसलेली मुलगी अल्पवयीन आहे. तिची पहिली पाळी हा जगाने पाहायचा कार्यक्रम नाही.

ऑड्री रिचर्ड्स या ब्रिटिश अभ्यासिकेने १९३१ मध्ये बेम्बांचा चिसुंगु अनेक दिवस बसून पाहिला आणि त्यावरचं पुस्तक थेट १९५६ मध्ये काढलं. तिला आढळलं की गाण्यांचे अर्थ विचारले तर वेगवेगळ्या बायका वेगवेगळे सांगत, आणि पूर्ण अर्थ सगळ्यात जाणत्या बाईपाशीच असे. म्हणजे ज्ञान समान वाटलेलं नव्हतं. ते उतरंडीसारखं होतं, जी जास्त वेळा शिकवायला बसली तिला जास्त कळत गेलं. मला हे फार पटतं. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्या आठवा. म्हणणारीला ओवी येते, पण तिचा खोल अर्थ विचारला तर ती हसते आणि म्हणते, "अगं, दळता दळता कळतं ते."

त्यामुळे नोंद करायचीच तर त्या म्हाताऱ्या बायकांनी ठरवायला हवं, काय लिहायचं आणि काय नाही. झांबियात सांबा योंगा आणि मुलेंगा कापवेपवे यांनी स्त्रियांच्या इतिहासाचं संग्रहालय उभं केलं आहे. इमारतीपेक्षा गोष्टी, आवाज आणि परदेशी संग्रहालयांत अडकलेल्या वस्तूंच्या नोंदी परत आणण्यावर त्यांचा भर आहे. बायकांचं ज्ञान हे 'लोककला' नाही, ज्ञानच आहे, असं मानून सुरुवात केली की पुढचे प्रश्नही बदलतात.

तोपर्यंत मैदानातली घरं स्वतःच मार्ग काढतात. झांबियात शाळांना एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये सुट्ट्या असतात. पाळी काही सुट्टी बघून येत नाही. मग पहिल्या दिवशी आजी नातीला जवळ घेऊन अगदी गरजेचं तेवढं सांगते, कापड देते, आणि सोमवारी ती शाळेत जाते. बाकीचं सुट्टीत. महिन्यांचा विधी आठवड्यावर आलेला असतो, काही गाणी गळलेली असतात, लग्नाचे धडे पुढे ढकललेले असतात. सुट्टी लागते, कांबळं पेटीतून बाहेर निघतं, शेजारणींना निरोप जातो. मुलगी चटईवर बसते, मान खाली घालते, आणि बो कुकू तिच्या शेजारी बसून टाळी वाजवायला सुरुवात करते.